बाबासाहेबांचे दुखरे पाय

भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांची पश्चिमेची हद्द सह्याद्रीच्या धारेवर संपते. धारेच्या पलीकडे, खाली, महाड आहे. भोरचा रस्ता वरंधा घाटाने तिकडे उतरतो, तर वेल्ह्यातल्या केळद गावाजवळून मढे घाटाची जुनी पायवाट त्याच बाजूला जाते. घाटावरचा पाऊस, भाताची खाचरे आणि चिखलात उभे राहून काम करणारी माणसे घाटाखालीही तशीच आहेत. त्यामुळे महाडची गोष्ट भोर-वेल्ह्याच्या माणसाला परकी वाटत नाही.

२० मार्च १९२७ हा रविवार होता. हिजरी सन १३४५. रमजानचा महिना सुरू होता आणि जवळजवळ निम्मे रोजे झाले होते. त्या दिवशी महाडच्या रस्त्यावरून हजारो माणसे रांगेने चवदार तळ्याकडे निघाली. पुढे होते डॉ. भीमराव आंबेडकर. वय पस्तीस, नुकतेच विलायतेहून शिकून आलेले बॅरिस्टर. तळे सार्वजनिक होते. नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठरावही झालेला होता. पण ठराव कागदावर होता आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाला तिथले पाणी मिळत नव्हते. परिषदेसाठी लागणारे पाणीसुद्धा विकत घ्यावे लागले होते. आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले, त्यांनी पाणी घेतले आणि ते प्यायले. मागोमाग इतर प्यायले.

थोड्याच वेळात गावात अफवा पसरली की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. लाठ्या घेऊन जमाव आला. मंडपात जेवत असलेल्या, गावाकडे परतत असलेल्या माणसांवर हल्ले झाले. वीसेक जण गंभीर जखमी झाले. जीव वाचवण्यासाठी पळणाऱ्या अनेकांना महाडमधल्या मुस्लिम घरांनी आत घेतले. त्या घरांत त्या दिवशी रोजा होता. रोजा म्हणजे उपाशी राहणे एवढेच नव्हे, हे सांगायला त्या दुपारी कोणत्याही प्रवचनाची गरज नव्हती.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला सत्याग्रहासाठी लोक पुन्हा महाडला जमले, तेव्हा सभेला जागा द्यायला कोणी तयार होईना. फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. तळ्याचा खटला पुढे जवळजवळ दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला.

हा इतिहास बऱ्याच जणांना माहीत आहे. त्या दिवशी तळ्याकडे चालत गेलेल्या पायांचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पुढच्या वीस-एकवीस वर्षांत त्या पायांना मधुमेहाने गाठले. आज रमजानमध्ये सहरीच्या आधी साखरेची गोळी शोधणाऱ्या किंवा इन्सुलिनची सुई टोचणाऱ्या प्रत्येक घराला बाबासाहेबांच्या आयुष्याची ही बाजू जवळची वाटेल.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे, लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्याला आले. १९०१ च्या सुमाराची गोष्ट. वडील नोकरीसाठी गोरेगावला होते. दहाएक वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर त्यांना भेटायला निघाला. मुले मसूर स्टेशनावर उतरली, पण त्यांची जात कळताच त्यांना गाडीत घ्यायला गाडीवान तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले. मुलांनी बैलगाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असा सौदा झाला. जेवण जवळ होते, पण वाटेत कुठे पाणी मिळेना. टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगून पाहा, असे गाडीवानाने सुचवले. मुलाने नाकेदाराशी उर्दूत बोलून पाणी मागितले. तरीही मिळाले नाही. मुलांनी ती रात्र तहानेने काढली.

तहान म्हणजे काय, हे या माणसाला असे लहानपणीच कळले होते. पुढे त्यांना जो आजार झाला, त्याची पहिली खूणही न भागणारी तहान हीच असते.

एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली बी.ए., बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती, १९१३ साली न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन, असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास झाला. मध्ये पैसे संपले, भारतात परतावे लागले, सिडनहॅम कॉलेजात शिकवावे लागले. मग पुन्हा लंडन. तिथे दिवसभर ग्रंथालयात बसायचे, अपुरे खायचे, रात्री उशिरापर्यंत वाचायचे. १९२३ साली डी.एस्सी. पदवी मिळाली. झोप आणि जेवण या दोन गोष्टींना मागे ठेवण्याची सवय तेव्हाच लागली आणि ती पुढे कधी सुटली नाही.

योगायोग असा की, याच वर्षांत कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला. १९२१ साली शोध आणि जानेवारी १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला टोचणी. तोवर लहान वयात मधुमेह झालेले मूल फार काळ जगत नसे. बाबासाहेब तेव्हा लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते. हेच औषध पुढे आपल्यालाही घ्यावे लागेल, याची कल्पना त्यांना असण्याचे कारण नव्हते.

महाडनंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, चाळीसगावला त्यांना मोठा अपघात झाला. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे ते सदस्य होते आणि धुळ्याहून मुंबईला परतत होते. चाळीसगावच्या दलित वस्तीतल्या लोकांनी त्यांना उतरवून घेतले. पण टांगेवाले त्यांना टांग्यात घेऊन हाकायला तयार होईनात. टांगा मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. मग वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा आदळला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, टांगा आणि घोडा खाली नदीत पडला. पायाचे हाड मोडले. बरेच दिवस चालता येत नव्हते.

पण हाड जुळले. मार्च १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा नेतृत्व करायला ते उभे होते. त्याच वर्षी गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले. तरुण शरीराचे असेच असते. मार मोठा असला तरी रक्त पोहोचते, नवे मांस धरते, हाड सांधते आणि माणूस पुन्हा चालू लागतो.

आता याच पायांची १९४८ सालची अवस्था पाहू. कोणताही अपघात झालेला नव्हता, पण पाय रात्रभर ठणकत. झोप लागत नसे. मधल्या काळात बरेच काही घडले होते. १९३५ साली रमाबाई गेल्या. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्ट १९४७ रोजी राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. समितीत सात जण होते. पण एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत गेले, काही जण प्रकृतीमुळे किंवा इतर कामांमुळे दिल्लीपासून दूर राहिले. शेवटी मसुद्याचा भार बाबासाहेबांवरच पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी घटना समितीतच सांगितले होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा तयार झाला. तोवर शरीर थकले होते. निदान मधुमेहाचे होते, शिवाय पायांतल्या मज्जातंतूंना इजा झालेली होती. इन्सुलिन सुरू होते, जोडीला होमिओपॅथीची औषधे घेऊन झाली होती.

पायाला कुठे लागलेले नसताना पाय का दुखतो आणि लागल्यावर जखम का भरत नाही, या दोन प्रश्नांचे मूळ एकच आहे.

साधी जखम भरते ती टप्प्याटप्प्याने. आधी रक्त गोठून वाहणे थांबते. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे पोहोचतात, जंतू मारतात आणि मेलेला भाग साफ करतात. जखमेभोवती लाली, सूज दिसते ती त्यामुळे. त्यानंतर बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात, लालसर नवे मांस भरू लागते. शेवटी कडेची कातडी आत सरकत सरकत जखम झाकून टाकते. या सगळ्या कामाला प्राणवायू लागतो, अन्न लागते आणि ते रक्तानेच पोहोचते.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की यातला प्रत्येक टप्पा अडखळतो. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांची भिंत जाड होते, मोठ्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात. हृदयापासून सगळ्यांत लांब असलेल्या पावलांना त्याचा फटका आधी बसतो. पांढऱ्या पेशी मंदावतात. त्या उशिरा पोहोचतात आणि पोहोचल्या तरी जंतूंना नीट मारू शकत नाहीत. जंतूंना मात्र अशा जखमेत वाढायला वाव मिळतो. सूज उतरून नवे मांस धरण्याची वेळ येते, तेव्हा सूजच रेंगाळते. कोलॅजनच्या धाग्यांना साखर चिकटून ते कडक होतात. त्यामुळे जी जखम आठवड्यात भरायची, ती महिनाभर ओली राहते.

याहून मोठा घात मज्जातंतू करतात. साखरेने त्यांना इजा झाली की सुरुवातीला मुंग्या येतात, आग होते, ठणका लागतो आणि तो बहुधा रात्री वाढतो. बाबासाहेबांना झोपू न देणारे दुखणे याच जातीचे होते. पुढे काही जणांचे हे दुखणे कमी होते आणि घरच्यांना वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात मज्जातंतू बधिर झालेले असतात. मग काटा रुतला, चप्पल घासली, पाय भाजला तरी कळत नाही. पायाला घाम आणणाऱ्या तंतूंनाही इजा झालेली असते, म्हणून कातडी कोरडी पडून टाचेला भेगा पडतात. पायाचे छोटे स्नायू कमजोर होऊन बोटे वाकतात, तळव्याच्या एकाच जागी भार येतो, तिथे घट्टा धरतो आणि घट्ट्याखाली जखम होते. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो. जखम भरायला जी विश्रांती हवी, ती मिळतच नाही.

हे ज्ञान अगदी नवे नाही. सुश्रुतसंहितेत मधुमेही माणसाच्या जखमा कष्टाने बऱ्या होणाऱ्या जखमांमध्ये मोजल्या आहेत. हजार वर्षांपूर्वी बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या आणि १०३७ साली रमजानच्या महिन्यातच हमदानला वारलेल्या हकीम इब्न सिना यांनी आपल्या कानून या वैद्यकग्रंथात या आजाराबद्दल लिहिले. मधुमेहात अवयव सडण्याचा धोका ओळखणाऱ्या पहिल्या वैद्यांमध्ये वैद्यकाचे इतिहासकार त्यांचे नाव घेतात. धोका फार पूर्वी माहीत होता. तो रोखण्याची साधने मात्र अगदी अलीकडे हातात आली.

बाबासाहेबांच्या काळात ती फार थोडी होती. साखर पाहायची तर लघवी निळ्या द्रावणात उकळून रंग पाहायचा. बोटाला सुई टोचून घरच्या घरी साखर मोजणारे यंत्र नव्हते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए-वन-सी ही तपासणी नव्हती. मेटफॉर्मिनची गोळी वापरात आली ती १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर. हातात होते ते इन्सुलिन, पथ्य आणि विश्रांती. यातली विश्रांती त्यांच्या वाट्याला येणार नव्हती.

मुंबईला डॉ. मालवणकर यांच्याकडे उपचार घेत असताना त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली होती. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला. सविता आंबेडकर, म्हणजे माईसाहेब, यांनी त्यांच्या जेवणाच्या वेळा, इन्सुलिन आणि औषधे यांकडे डॉक्टरच्या नजरेने लक्ष दिले. त्यानंतर काही महिन्यांनी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. कलमामागून कलम, दुरुस्तीमागून दुरुस्ती, प्रत्येकाला उत्तर द्यायला ते उभे राहत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी समितीपुढे समारोपाचे भाषण केले आणि दुसऱ्या दिवशी घटना स्वीकारली गेली. प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देणारी आणि अस्पृश्यता संपवणारी ती घटना. आज गावागावातल्या मशिदीत तरावीह निर्धास्तपणे होते, त्यामागे या कागदाचा आधार आहे. तो कागद तयार होत असताना त्याच्या मुख्य शिल्पकाराला रात्रीची झोप मिळत नव्हती.

आजार थांबला नाही. हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५४ साली जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळून होते. दृष्टी कमी झाली. तरीही लेखन चालूच होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा काठीच्या आणि नानकचंद रत्तूंच्या आधाराने ते व्यासपीठावर आले. २९ वर्षांपूर्वी तळ्याच्या पायऱ्या उतरून गेलेल्या माणसाला आता उभे राहायला खांदा लागत होता. नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूच्या बौद्ध परिषदेलाही जाऊन आले.

५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत अलीपूर रोडवरच्या घरी रत्तूंनी त्यांचे पाय चेपले. बुद्धावरच्या ग्रंथाची प्रस्तावना उशाजवळच्या टेबलावर ठेवायला सांगून ते झोपले. ६ डिसेंबर १९५६ च्या सकाळी ते उठले नाहीत. वय होते ६५. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. आज तिथे चैत्यभूमी आहे.

त्यांच्या आयुष्याचा हिशेब केवळ आजाराने मांडता येत नाही, हे खरे. पण काम पुढे आणि शरीर मागे ठेवण्याची किंमत त्यांनी मोजली, हेही खरे. त्यांच्यासमोर देशाची घटना होती आणि हातात औषधे मोजकीच. आज औषधे आहेत, यंत्रे आहेत, तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत रस्ता आहे. तरीही पायाची छोटी जखम लपवली जाते, हळद किंवा तंबाखू भरून बांधली जाते आणि बोट काळे पडल्यावर पुण्याची गाडी शोधली जाते. इतक्या उशिरा पोहोचल्यावर बोट, कधी पाऊल, कधी गुडघ्याखालचा पाय कापावा लागतो.

भोर-वेल्ह्यात पायाला धोके फार. पावसाळ्यात चिखलणी आणि लावणीला दिवसदिवस पाय पाण्यात असतात, बोटांच्या बेचक्या कुजतात. खाचरात काटा किंवा काचेचा तुकडा दिसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर राब भाजतात, तेव्हा वरून विझलेली दिसणारी राख आतून गरम असते आणि बधिर पायाला ते समजत नाही. पाय गार पडले म्हणून शेकोटीला किंवा गरम पाण्याच्या पिशवीला टेकवले जातात आणि सकाळी तळव्याला फोड आलेला असतो. घट्टा ब्लेडने कापला जातो. मधुमेह असलेल्याने यातले काहीही करू नये. शेतात जाताना पाय झाकणारे, न चावणारे बूट घालावेत, घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावेत. घरातही मऊ तळाची चप्पल वापरावी. जखम झाली तर ती स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या पट्टीने झाकावी, त्या पायावर भार देऊ नये आणि दुखत नसली तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावी. वास, पू, लाली किंवा ताप असेल तर त्याच दिवशी. विडी-सिगारेट अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळते, म्हणून ती सोडण्याला पर्याय नाही.

रमजानमध्ये आणखी एका गोष्टीचा विचार हवा. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दीनने स्वतःहून दिली आहे. बरे झाल्यावर ते रोजे भरून काढता येतात. ज्याचा आजार जन्माचा आहे आणि रोजा झेपणारच नाही, त्याच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याचा, म्हणजे फिदियाचा मार्ग आहे. ही सवलत घेणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे. ज्याची साखर वारंवार खाली जाते, ज्याच्या पायात चिघळलेली जखम आहे, ज्याची किडनी कमजोर आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये. ज्याला परवानगी मिळाली, त्याने गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा आणि मात्रा रमजान सुरू होण्यापूर्वीच बदलून घ्याव्यात. सहरी टाळू नये. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर यंत्राचीही वाट पाहू नये. इफ्तारला खजूर एखादी पुरे. सरबत, जिलेबी आणि तळलेली भजी एकदम पोटात गेली की दिवसभराचा संयम एका तासात वाया जातो आणि साखर चढलेली असताना जखम भरत नाही.

नमाजी माणसाच्या हाती एक मोठी सोय आहे. दिवसातून पाच वेळा वुजू करताना तो पाय धुतो, बोटांच्या बेचक्यांत ओली बोटे फिरवतो. त्याच वेळी पायाकडे नीट पाहिले तर वेगळी तपासणी करायला नको. पाण्याचा गरमपणा पायाने नव्हे, कोपराने पाहावा. धुतल्यावर बेचक्या कोरड्या पुसाव्यात. तळवा दिसत नसेल तर शेजारी बसलेल्या मुलाला, नातवाला पाहायला सांगावे. मलमपट्टी असेल तर तिच्यावर पाणी न ओतता ओला हात फिरवण्याची मुभा आहे. जुम्याला तापलेल्या अंगणातून अनवाणी न जाता मोजे घालावेत. तरावीहला उभे राहवत नसेल तर बसून नमाज होते.

महाडच्या त्या रमजानमध्ये रोजेदार घरांनी दुसऱ्यांच्या जखमांसाठी दार उघडले होते. आज त्याच सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, भोरच्या एखाद्या मशिदीत अस्रच्या वुजूला एखादे चाचा हौदाच्या कडेला बसतील. शेजाऱ्याने त्यांच्या टाचेची भेग पाहिली, उद्या दवाखान्यात जाऊ या म्हटले आणि खरेच त्यांना बरोबर घेऊन गेला, तर तो पाय वाचण्याची आशा मोठी आहे.